बडोद्याहून विद्युत उपकरणं निर्यात करताना सेफ्टी डेटा शीटचं काम कसं करावं

मकरपुरा, पोर, सावली, वाघोडिया या पट्ट्यातल्या एखाद्या ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर किंवा पॅनेलच्या कारखान्यात निर्यातीचं टेबल तुमच्याकडे नुकतंच आलं असेल, तर पहिल्या-दुसऱ्या शिपमेंटलाच एक मेल येतो: ‘एमएसडीएस पाठवा, नाहीतर बुकिंग होणार नाही.’ एमएसडीएस हे सेफ्टी डेटा शीटचंच जुनं नाव, म्हणजे रसायनाचे धोके आणि हाताळणी सांगणारा कागद. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट, मागतो, शिपिंग लाइन मागते, परदेशी ग्राहकाचा खरेदी विभागही मागतो. तिघं एकच शब्द वापरतात, पण तिघांना हवं असतं ते वेगवेगळं. नवा माणूस इथेच गोंधळतो. घाईघाईत स्टोअरमधून तेलाची जुनी शीट काढून जोडली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मरची एमएसडीएस’ नावाचा एक कागद कारखान्यातच टाइप होतो. असा कागद एकदा लाइनच्या सिस्टीममध्ये गेला की तो परत घेणं फार जड जातं.

मी हे काम बडोद्यातच शिकलो आणि अजूनही तेच करतो. जे कोणी नीट सांगितलं नाही आणि हळूहळू उमजलं, ते क्रमाने लिहितो आहे.

१. कागद नक्की कशाचा हवा, ते आधी विचारा

सेफ्टी डेटा शीट यंत्राची नसते, रसायनाची असते. तेल, आम्ल, वायू, रंग, गोंद असे पदार्थ आणि मिश्रणं, एवढ्यांसाठीच तो कागद आहे. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, मीटर, पॅनेल यांना नियमांच्या भाषेत ‘वस्तू’ म्हणतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात वस्तूची व्याख्या स्पष्ट आहे: जी ठरावीक आकारात घडवलेली आहे, जिचं काम त्या आकारावर अवलंबून आहे आणि नेहमीच्या वापरात जिच्यातून नगण्य मात्रेपलीकडे घातक रसायन बाहेर पडत नाही, ती वस्तू. तिला शीट लागत नाही. युरोपच्या रीच या रसायनांच्या नियमावलीतही शीटचं कलम ३१ पदार्थ आणि मिश्रणांपुरतं आहे. वस्तूंसाठी कलम ३३ आहे. त्यानुसार एखाद्या वस्तूत ‘अतिचिंतेचा’ ठरवलेला पदार्थ वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर ते ग्राहकाला कळवावं लागतं.

म्हणून जर्मनीचा ग्राहक पॅनेलची शीट मागत असेल, तर बहुतेक वेळा त्याला कलम ३३ची माहिती हवी असते. शिपिंग लाइनला मात्र रीचशी घेणं-देणं नाही. हा माल धोकादायक वर्गात बसतो का, एवढंच तिला पाहायचं असतं. फॉरवर्डर तर पुष्कळदा लाइनचा मेल जसाच्या तसा पुढे ढकलतो. त्यामुळे उत्तर देण्याआधी फोन उचला आणि विचारा, कोण मागतंय आणि कशासाठी. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे चार दिवस वाचतात.

इथे एक भेद पक्का लक्षात ठेवा. ‘वस्तू आहे म्हणून शीट लागत नाही’ आणि ‘वस्तू आहे म्हणून धोकादायक माल नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं बरोबर असूनही दुसरं चूक असू शकतं. बॅटरी हे त्याचं सरळ उदाहरण. ती वस्तूच आहे, पण समुद्रमार्गे आणि विमानाने जाताना धोकादायक मालाच्या यादीत तिचा स्वतःचा यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय चार अंकी क्रमांक, आहे.

२. उपकरणात काय काय भरलंय, त्याची यादी काढा

ही यादी ऑफिसात बसून होत नाही. डिझाइनकडून बिल ऑफ मटेरियल घ्या आणि ते हातात धरून असेंब्लीत एक चक्कर मारा. जे द्रव, वायू, पावडर किंवा पेस्ट आहे आणि जे वीज साठवतं, ते सगळं लिहा. आमच्याकडे साधारण हे सापडतं:

- ट्रान्सफॉर्मर ऑइल, खनिज किंवा एस्टर
- मोठा ट्रान्सफॉर्मर तेलाविना पाठवताना त्यात भरलेला नायट्रोजन किंवा कोरडी हवा
- ब्रेदरमधली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरणारी हवा कोरडी करणाऱ्या भागातली, सिलिका जेल
- ब्रेकर किंवा आरएमयू (रिंग मेन युनिट) यांमधला एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) हा विद्युतरोधक वायू
- पॉवर कपॅसिटरमधला द्रव
- बॅटरी चार्जर पॅनेलमधल्या लेड-ॲसिड किंवा निकेल-कॅडमियम बॅटऱ्या
- रिले, पीएलसी, डेटा लॉगर यांच्या बोर्डावरचे लिथियम सेल
- ड्राइव्हमधले सुपरकपॅसिटर
- बुखोल्झ रिले (ट्रान्सफॉर्मरच्या आतला बिघाड ओळखणारा रिले) आणि तेलाची पातळी दाखवणाऱ्या गेजमधले पाऱ्याचे स्विच

पाऱ्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, कारण तो काचेच्या छोट्या नळीत असतो आणि ती नळी गेजच्या आत. हल्ली चुंबकीय रीड स्विचवाले रिलेही मिळतात. तुमच्या मालात कुठला आहे, ते पुरवठादाराच्या कॅटलॉगवरून तपासा. पारा असेल तर वस्तूतल्या पाऱ्यासाठी यूएन ३५०६ हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि विमानाने सुटे रिले पाठवताना हा प्रश्न हमखास निघतो.

यादीतली सगळ्यात मोठी फट मुख्य यंत्रात नसते, ती स्पेअर्सच्या पेटीत असते. पेटी शेवटच्या दिवशी भरली जाते. साइटवर ओरखडे आले तर असू दे म्हणून पेंट शॉपवाला टच-अप रंगाचा एक लिटरचा डबा आणि थिनरची बाटली ठेवतो. सर्व्हिसवाला कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे टाकतो. गॅस्केटसाठी गोंदाची ट्यूब, ग्रीस, कधी पाच लिटर ‘टॉपिंग अप’ तेल, सगळं त्यातच जातं. पॅकिंग लिस्टवर फक्त ‘स्पेअर्स ॲज पर ऑर्डर’ असं लिहिलेलं असतं. रंग आणि थिनर यूएन १२६३, वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. स्प्रे यूएन १९५०, एरोसोल. म्हणजे साठ टनांचा ट्रान्सफॉर्मर निर्धोक ठरतो आणि त्याच्या शेजारची लाकडी पेटी धोकादायक माल असते, तीही न सांगितलेली. न सांगितलेल्या धोकादायक मालासाठी लाइन जबर दंड लावतात, आणि आग लागली तर प्रश्न दंडापुरता राहत नाही. जहाजावर माणसं असतात.

माझा आग्रह असा की स्पेअर्सची पेटी तुमच्या डोळ्यांसमोर बंद व्हावी. रंग पाठवायचाच असेल तर तो वेगळा, नियमाप्रमाणे पाठवा. नाहीतर ग्राहकाला रंगाचा शेड नंबर कळवा, तो तिकडेच घेईल.

३. शीट मूळ पुरवठादाराकडून घ्या आणि ती तपासा

तेलाची शीट तेलवाल्याने द्यायची, बॅटरीची बॅटरीवाल्याने. आपण फक्त मागायची, वाचायची आणि पुढे द्यायची. दुसऱ्याची शीट आपल्या लेटरहेडवर उतरवू नका. तसं केलं की त्यातल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी तुमच्यावर येते. इंटरनेटवरून ‘तसल्याच’ तेलाची शीट उतरवून घेणंही नको. ग्रेड बदलला की आकडे बदलतात.

आपल्याकडे घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांचे १९८९चे नियम आहेत. त्यांच्या नियम १७ आणि अनुसूची ९ मध्ये शीटचा नमुना दिलेला आहे. देशात तो चालतो. निर्यातीला मात्र जीएचएस, म्हणजे रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीची, १६ विभागांची शीट मागा. नुसता ‘एमएसडीएस’ असा मथळा आणि आठ-नऊ मुद्दे असलेला कागद दिसला तर तो जुना आहे असं समजा.

हातात आली की एवढं बघा:

विभाग १ मधलं नाव ड्रमवरच्या स्टिकरशी आणि तुमच्या इनव्हॉइसशी अक्षरशः जुळतं का? स्टिकरवर ‘इनहिबिटेड’ आणि शीटवर ‘अनइनहिबिटेड’ असं असेल तर ती शीट त्या मालाची नाही. तातडीचा फोन नंबर आहे का, आणि तो कोणी उचलतं का? स्वतः लावून पाहा.

तारीख. शीट किती जुनी चालते याचा सगळीकडे एकच नियम नाही, पण तीन वर्षांहून जुनी दिसली की पुष्कळ फॉरवर्डर अडवतात. युरोपसाठी तारखेपेक्षा नमुना महत्त्वाचा: नियमावली २०२०/८७८ प्रमाणे बदललेला नमुना १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचा आहे. शिवाय माल ज्या सदस्य देशात विकला जाणार त्या देशाच्या अधिकृत भाषेत शीट लागते. कॅनडाला इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. हे काम तिकडच्या आयातदाराचं असतं, पण मूळ माहिती तुमच्याकडूनच जाते. म्हणून ऑर्डर पक्की होतानाच कोण काय करणार ते लिहून घ्या.

विभाग ३ मधले सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक), विभाग ९ मधला फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते) आणि विभाग १४ मधली वाहतुकीची माहिती. या तिन्ही जागा रिकाम्या असतील किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं असेल, तर शीट परत पाठवा.

४. विभाग २ आणि विभाग १४ वेगवेगळे वाचायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

खनिज ट्रान्सफॉर्मर तेलाची शीट उघडा. विभाग २ मध्ये पुष्कळदा लाल चौकट दिसते. तिच्यात माणसाची काळी आकृती आणि छातीवर पांढरी चांदणीसारखी खूण. शेजारी ‘डेंजर’ असा शब्द आणि खाली एच३०४ हा संकेत: गिळून श्वासमार्गात गेल्यास प्राणघातक ठरू शकतं. नव्या माणसाचा जीव तिथेच धसकतो. लाइनच्या डेस्कवरचा नवखा माणूसही तेच पाहून मेल करतो, ‘कार्गो इज हॅझार्डस’.

आता हे कुठून आलं ते पाहा. हायड्रोकार्बन तेल ४० अंश सेल्सिअसला २०.५ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद किंवा त्याहून पातळ असेल, तर जीएचएसमध्ये ते श्वासमार्गात उतरण्याच्या धोक्यासाठी वर्गीकृत होतं. ट्रान्सफॉर्मर तेलाला उष्णता वाहून न्यायची असते, म्हणून ते पातळच हवं. आयईसी ६०२९६ या ट्रान्सफॉर्मर तेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात त्याच तापमानाला कमाल मर्यादा १२ आहे. म्हणजे चांगलं तेल या खुणेत सापडणारच. ही सूचना तेल हाताळणाऱ्या, पाइपाने तोंडाने ओढणाऱ्या माणसासाठी आहे आणि ती खरी आहे. तुमच्या ऑइल फिलिंगच्या पोरांना ती जरूर वाचून दाखवा.

पण वाहतुकीचे नियम वेगळा प्रश्न विचारतात. द्रव वर्ग ३ मध्ये जातो तो बंद कपातला फ्लॅश पॉइंट ६० अंशांपर्यंत असेल तर. आयईसी ६०२९६ प्रमाणे ट्रान्सफॉर्मर तेलाचा फ्लॅश पॉइंट किमान १३५ अंश हवा. श्वासमार्गात उतरण्याचा धोका हा वाहतुकीच्या नऊ वर्गांपैकी कुठल्याच वर्गाचा निकष नाही. म्हणून त्याच शीटच्या विभाग १४ मध्ये लिहिलेलं असतं: रस्ता, समुद्र, हवाई वाहतुकीसाठी धोकादायक म्हणून वर्गीकृत नाही. विभाग २ आणि १४ एकमेकांना खोडत नाहीत. एक हाताळणाऱ्याशी बोलतो, दुसरा वाहून नेणाऱ्याशी.

लाइनला उत्तर देताना एवढंच लिहा: विभाग ९ प्रमाणे फ्लॅश पॉइंट इतका, विभाग १४ प्रमाणे वर्गीकृत नाही, शीट सोबत. लांब निबंध लिहू नका. डेस्कवरच्या माणसाला विभाग आणि आकडा दाखवला की त्याचं काम होतं.

उलटही घडतं. विभाग २ मधले माणसाच्या तब्येतीचे इशारे सौम्य दिसतात आणि विभाग १४ मध्ये यूएन क्रमांक बसलेला असतो. पॉवर कपॅसिटरमधले काही आधुनिक द्रव जलचरांना घातक म्हणून यूएन ३०८२, वर्ग ९ मध्ये येतात आणि सागरी प्रदूषक ठरतात. माणसाला फार त्रास नाही म्हणून ‘निर्धोक’ असं लिहून देणं तिथे चुकीचं. त्या द्रवाने भरलेल्या कपॅसिटरचं काय करायचं, हे लाइनच्या धोकादायक मालाच्या डेस्कला लेखी विचारा.

५. एकेका मालाचा निकाल

*तेल.* तेलभरल्या ट्रान्सफॉर्मरचं वर झालंच. तेल वेगळं ड्रममध्ये किंवा फ्लेक्सिटँकमध्ये जात असेल तर ते मिश्रण म्हणून स्वतंत्र माल आहे. त्याची शीट लागतेच. इनव्हॉइसवरही त्याची वेगळी ओळ हवी: ट्रान्सफॉर्मर कस्टम्सच्या एचएस कोड ८५०४ खाली, खनिज तेल २७१० खाली. दोन्ही एकाच ओळीत कोंबलं की कस्टम्सही विचारतं आणि लाइनही.

*नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरलेली टाकी.* वर्ग २.२ चा वायू द्रवरूप नसेल आणि २० अंशांना २०० किलोपास्कलपेक्षा कमी दाबात असेल, तर तो आयएमडीजी कोडच्या, म्हणजे समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालाच्या नियमांच्या, तरतुदींत येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतला दाब याच्या बराच खाली असतो. तो आकडा पत्रात लिहून द्या. मात्र दाब राखायला सोबत बांधलेला सिलिंडर हा वेगळा माल: नायट्रोजनचा असेल तर यूएन १०६६, हवेचा असेल तर यूएन १००२. तो मोजायचा राहून जातो.

*एसएफ६.* तोच २०० किलोपास्कलचा नियम इथेही. म्हणून ब्रेकर पाठवताना कारखाने वाहतुकीपुरता कमी दाब ठेवतात आणि साइटवर पूर्ण भरतात. भरायला लागणारा सिलिंडर यूएन १०८०. या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४,००० पट धरली जाते, त्यामुळे युरोप त्याबाबत फार कडक आहे. तिथे २४ केव्हीपर्यंतच्या नव्या मीडियम व्होल्टेज स्विचगिअरमध्ये फ्लोरिनयुक्त वायूंवर १ जानेवारी २०२६ पासून बंदी लागू झाली आहे. अशी ऑर्डर आली तर शीटच्या आधी हे विक्री विभागाला सांगा.

*सिलिका जेल.* ब्रेदरमधले निळे दाणे असतील तर त्यांना निळा रंग कोबाल्ट क्लोराइडमुळे येतो. तो पदार्थ २००८ पासून युरोपच्या अतिचिंतेच्या यादीत आहे. नारिंगी रंगाची, कोबाल्ट नसलेली जेल मिळते. युरोपच्या ऑर्डरला तीच वापरा, पुष्कळ पत्रव्यवहार टळतो. सुटी जेल पिशवीत पाठवत असाल तर तिची शीट लागते.

*लेड-ॲसिड बॅटरी.* आम्ल भरलेली, उघडी: यूएन २७९४, वर्ग ८. सीलबंद, न सांडणारी: यूएन २८००. सीलबंद बॅटरी कंपन आणि दाबफरकाची चाचणी उतरली असेल, ५५ अंशांना कवच फुटलं तरी द्रव वाहत नसेल आणि टर्मिनलं शॉर्ट होणार नाहीत अशी झाकलेली असतील, तर समुद्रमार्गे विशेष तरतूद २३८ आणि विमानाने ए६७ खाली सूट मिळते. सूट आपोआप मिळत नाही. बॅटरीवाल्याचं चाचणीचं पत्र हातात हवं. निकेल-कॅडमियममध्ये अल्कली असते: यूएन २७९५.

*लिथियम.* इथे शीट दाखवून भागत नाही. यूएन ३८.३ चाचणीचा सारांश हा स्वतंत्र कागद आहे आणि उत्पादकाने तो उपलब्ध ठेवणं १ जानेवारी २०२० पासून सक्तीचं आहे. उपकरणात बसवलेली लिथियम-आयन बॅटरी यूएन ३४८१, लिथियम-मेटल यूएन ३०९१. नुसत्या सुट्या ३४८० आणि ३०९०. छोट्या बॅटऱ्यांना सवलत आहे: आयनसाठी सेल २० आणि बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत, मेटलसाठी सेलमध्ये १ ग्रॅम आणि बॅटरीत २ ग्रॅम लिथियमपर्यंत. सर्किट बोर्डावर बसवलेला बटन सेल असेल आणि खोक्यात दुसरी कुठली लिथियम बॅटरी नसेल, तर खोक्यावर लिथियमची खूण लावावी लागत नाही. पण तोच बटन सेल स्पेअर म्हणून सुटा ठेवला की हिशेब बदलतो. विमानाने जाणाऱ्या सुट्या आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नकोत आणि त्या प्रवासी विमानात जात नाहीत.

*सुपरकपॅसिटर.* ०.३ वॉट-अवरपेक्षा जास्त ऊर्जा साठवत असेल तर यूएन ३४९९. हिशेब सोपा आहे: फॅरड गुणिले व्होल्टचा वर्ग, त्याचं निम्मं, भागिले ३६००. २.७ व्होल्टचा १०० फॅरडचा कपॅसिटर ०.१ वॉट-अवर येतो, तो सुटला. त्याच व्होल्टचा ३००० फॅरडचा ३ वॉट-अवर येतो, त्याला हा क्रमांक लागू होतो. मग आतलं इलेक्ट्रोलाइट काय आहे ते शीटमधून बघा. ॲसिटोनायट्राइल असेल तर तो ज्वलनशील द्रव आहे.

बाकी बारीकसारीक रसायनं यंत्राचाच भाग म्हणून, मर्यादित मात्रेत असतील, तर यूएन ३३६३ ही नोंद आहे. ती कचराकुंडीसारखी वापरू नका. जिथे वस्तूचा स्वतःचा क्रमांक आहे, तिथे तोच लावायचा.

६. दुरुस्तीला आलेलं किंवा जुनं यंत्र असेल तर थांबा

नव्या मालात पीसीबीचा, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल या पूर्वी वापरल्या जाणाऱ्या घातक रसायनाचा, प्रश्न येत नाही. आयईसी ६०२९६ प्रमाणे नव्या तेलात ते सापडताच कामा नये. पण दुरुस्त करून परत पाठवायचा ट्रान्सफॉर्मर, किंवा परदेशी साइटवरून इथे आलेला जुना, यांची गोष्ट निराळी. पीसीबी स्टॉकहोम कराराखाली आहे आणि आपल्याकडे २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद झाली, वापर संपवायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरली. ५० पीपीएम ही व्यवहारातली सीमारेषा आहे. त्याच्या वर गेलं की तो माल नाही, घातक कचऱ्याचा प्रश्न आहे, आणि ते काम फॉरवर्डरशी बोलून सुटत नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावं लागतं.

नेमप्लेट वाचा. शीतकरणाच्या चार अक्षरी संकेतातलं पहिलं अक्षर आतल्या द्रवाचं असतं. ‘ओ’ म्हणजे खनिज तेलासारखा, ३०० अंशांपर्यंत फायर पॉइंट (ज्या तापमानाला द्रव पेटून जळत राहतो) असलेला द्रव. ‘के’ म्हणजे त्याहून जास्त, बहुतेक एस्टर. ‘एल’ म्हणजे फायर पॉइंट मोजताच येत नाही असा द्रव, आणि जुन्या यंत्रावर एलएनएएन दिसलं तर अस्कारेल, म्हणजे पीसीबी, असण्याची शक्यता धरून चाला. नेमप्लेटवर ‘ओ’ असूनही मधल्या काळात फिल्टर मशीनमधून दूषित तेल मिसळलेलं असू शकतं, म्हणून तपासणी हाच उपाय. मकरपुऱ्यातच ईआरडीए या विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, तेलाच्या चाचण्यांसाठी लांब जावं लागत नाही. कुठल्याही प्रयोगशाळेत नमुना देण्याआधी पीसीबीची चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, एवढं विचारून घ्या. नमुना काढताना हातमोजे घाला आणि बाटली स्वच्छ, काचेची घ्या.

७. फाइलमध्ये काय काय हवं

- रसायनांची यादी: नाव, मात्रा, यंत्रात कुठे आहे, शीटची तारीख
- प्रत्येक रसायनाची मूळ पुरवठादाराची शीट
- ‘ही वस्तू आहे’ असं सांगणारं एका पानाचं पत्र, त्यात आतल्या द्रवाचं नाव, लिटर, फ्लॅश पॉइंट आणि वायूचा दाब
- बॅटरी असल्यास यूएन ३८.३ सारांश किंवा न सांडण्याच्या चाचणीचं पत्र
- तेलाचा पीसीबी नसल्याचा अहवाल. नव्या मालालाही ग्राहक मागतात
- युरोपसाठी कलम ३३ ची माहिती
- धोकादायक ठरलेल्या मालाला समुद्रमार्गे मल्टिमोडल डेंजरस गुड्स फॉर्म आणि कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेट, विमानाने शिपर्स डिक्लरेशन

शिपर्स डिक्लरेशनवर सही करणाऱ्याचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण झालेलं आणि मुदतीत असावं लागतं. कोणी म्हणेल, ‘साहेब, तुम्ही नुसती सही करा, बाकी आम्ही बघतो.’ तशी सही करू नका. कारखान्यात असा माणूस नसेल तर प्रशिक्षित एजंटकडून काम करून घ्या.

‘नॉन-हॅझ सर्टिफिकेट’, म्हणजे माल धोकादायक नाही असं पत्र, लाइनच्या नमुन्यात मागितलं जातं. ते देताना संपूर्ण शिपमेंटबद्दल लिहून देत आहात, फक्त मुख्य यंत्राबद्दल नाही, हे विसरू नका. वरच्या स्पेअर्सच्या पेटीकडे पुन्हा एकदा बघून मगच सही करा.

८. बुकिंगपासून बंदरापर्यंत

शीट बुकिंगच्या वेळीच द्या. माल दशरथच्या आयसीडीत, म्हणजे बंदराआधीच्या कंटेनर डेपोत, उभा राहिल्यावर नव्हे. धोकादायक मालाला लाइनची, बंदराची आणि मधल्या ट्रान्सशिपमेंट बंदराची मंजुरी लागते आणि त्यात दिवस जातात. मुंद्रा, हजिरा की न्हावा शेवा, हे ठरवतानाच कुठल्या मार्गावर ती मंजुरी मिळते ते विचारा.

मालाचं वर्णन पूर्ण लिहा. बुकिंगमधले शब्द लाइन संगणकाने चाळतात. ‘ऑइल’, ‘गॅस’, ‘बॅटरी’, ‘केमिकल’ असा एखादा शब्द एकटा दिसला की माल अडकतो. ‘ट्रान्सफॉर्मर विथ ऑइल’ याऐवजी क्षमता, तेल खनिज की एस्टर, फ्लॅश पॉइंट आणि ‘वाहतुकीसाठी वर्गीकृत नाही’ हे चारही लिहा. शब्द गाळून माल सरकवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो न सांगितलेला माल ठरतो.

रस्त्याने आयसीडी किंवा बंदरापर्यंत जाणाऱ्या धोकादायक मालासाठी १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत. माल पाठवणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, वाहतूकदाराला मालाची पूर्ण माहिती द्यायची आणि ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड, असायला हवं. ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत ते द्या. आपल्या गेटमधून निघणारे ड्रायव्हर गुजराती किंवा हिंदी वाचणारे असतात, इंग्रजी कार्ड त्यांच्या उपयोगाचं नाही. तोंडीही सांगा: काय भरलंय, गळलं तर कोणाला फोन करायचा.

शीटमधला विभाग १४ बरोबर असला तरी तो छापला त्या दिवसाचा असतो. आयएमडीजी कोड दर दोन वर्षांनी सुधारतो, ४२-२४ ही सुधारणा १ जानेवारी २०२६ पासून सक्तीची झाली. आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या संघटनेचं, धोकादायक मालाचं पुस्तक दर वर्षी १ जानेवारीला नवं निघतं. म्हणून डिसेंबरात बुक करून जानेवारीत निघणाऱ्या मालाची वर्गवारी नव्या पुस्तकावर पुन्हा पडताळा. पुरवठादारांना नव्या शीटसाठी ऑक्टोबरातच मेल टाका. दिवाळीनंतर त्यांच्याकडे सगळ्यांच्या मागण्या एकदम येतात आणि उत्तर यायला वेळ लागतो.